टेलपर्यंतचे शासन

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले मोडनिंब हे गाव नकाशावर पाहिले, तर राज्यसत्तेने गेल्या सव्वाशे वर्षांत आखलेल्या बहुतेक रेषा त्याच्या आसपास भेटतात. पुणे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारी रेल्वे इथे थांबते; बार्शी लाइट रेल्वेने १९०६ साली आपली अरुंद रुळांची गाडी पंढरपूरपर्यंत नेली, तेव्हापासून या गावाला स्टेशन आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक असलेले उजनी धरण याच तालुक्यात भीमेवर उभे आहे आणि त्याचे कालवे माढा, मोहोळ, पंढरपूर या तालुक्यांतून वाहतात. जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत, तलाठ्याचा सज्जा, बाजार, आजूबाजूला साखर कारखाने आणि डाळिंबाच्या बागा, असे विकासाच्या पाठ्यपुस्तकात असावे ते सारे या टापूत आहे. तरीही याच टापूत दर तीन-चार वर्षांनी टँकरची मागणी होते, उन्हाळ्यात आवर्तनावरून गावागावांत तंटे होतात आणि पाणी, रस्ता, दाखला यांपैकी काही हवे असेल तर माणूस आधी कार्यालय शोधत नाही, ओळखीचा माणूस शोधतो. एवढे सारे उभे राहूनही हे का उरते, हा या पुस्तकाचा विषय आहे. विकासनीती आणि सुशासन हे शब्द मोठे आहेत. पण ते कसाला लावायचे तर अशाच एखाद्या गावाच्या शिवारात लावावे लागतील.

कालव्याच्या कामात दोन शब्द रोज वापरले जातात. पाणी जिथून सुटते ते हेड आणि जिथे पोहोचून संपायचे ते टेल. हेडला पाणी मोजले जाते; तिथे दरवाजा असतो, पट्टी असते, नोंदवही असते. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेतकऱ्याची दंडाची वाट, असे पाणी पुढे सरकते तशी मोजणी विरळ होत जाते आणि टेलला ती बहुधा संपलेली असते. तिथे पाणी आले की नाही, याची खात्रीची साक्ष कोरडे पीक तेवढी देते. माझे म्हणणे असे की आपल्याकडची बहुतेक विकासनीती या कालव्यासारखीच चालते. ती जिथे सुरू होते तिथे तिचा चोख हिशेब ठेवला जातो: किती निधी मंजूर झाला, किती खर्च पडला, किती काम पूर्ण झाले. ती जिथे संपते तिथे हिशेब ठेवणारा आणि हिशेब मागू शकणारा, असे दोघेही नसतात. सुशासन म्हणजे टेलला उभ्या असलेल्या माणसाच्या हाती नोंद, निधी आणि जाब विचारण्याचा हक्क असणे. या तिन्हींपैकी एक जरी गळाले तर उरलेली दोन निरुपयोगी होतात, हेच पुढे दाखवायचे आहे.

सुशासन हा शब्द आज आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालांतून आल्यासारखा वाटतो. जागतिक बँकेने १९८९ साली आफ्रिकेतल्या अपयशाची मीमांसा करताना शासनव्यवहाराच्या संकटाकडे बोट दाखवले आणि १९९२ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तिका काढली. त्यानंतर कर्ज, मदत आणि सुधारणा यांच्या भाषेत तो शब्द रुळला. पण त्यातला मूळ प्रश्न मराठी विचाराला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्याची केलेली चिकित्सा आज वाचली तरी तिची धार बोथट झालेली नाही. सरकारने कालवे काढले, पाणीपट्टी बसवली, पण शेतकऱ्याला पाणी वेळेवर आणि मापून मिळते की नाही याची जबाबदारी कोणाची, हा त्यांचा सवाल होता. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे पाणी ठरावीक मापाने मिळावे, अशी व्यवस्था त्यांनी सुचवली होती. पैसा घेणारे खाते आणि पाणी न पोहोचलेला शेतकरी यांच्यातले हे नाते फुल्यांनी १४० वर्षांपूर्वी अचूक पकडले. नंतरच्या काळात धरणे शेकड्याने वाढली. हे नाते मात्र फारसे बदलले नाही.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. त्यामुळे इथला राज्यकारभार फार आधीपासून दुष्काळाने घडवला आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची वाताहत केली, त्या सुमारास आष्टीचा तलाव दुष्काळी कामातून आकाराला आला. तो मोडनिंबपासून फार लांब नाही. त्या काळी दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. माणसाने खडी फोडावी आणि मिळेल ती मजुरी घ्यावी. त्यावर त्याचा हक्क नव्हता. १९७० नंतरच्या सलग अवर्षणात, विशेषतः १९७२-७३ मध्ये, चित्र पालटले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. धान्य तुटले, जनावरे गेली, पण भूकबळींची ती जुनी भीषणता टळली. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्या लेखनामुळे हा अनुभव जगभर अभ्यासला गेला. निवडून आलेले सरकार, जागी वृत्तपत्रे आणि काम मागायला रस्त्यावर उतरलेली माणसे एकत्र आली की शासन हलते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

त्यानंतर जे झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला लहान प्रमाणावर करून पाहिलेली कल्पना रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. काम मागणाऱ्याला ठरावीक मुदतीत काम, न दिल्यास भत्ता, आणि कामावर हजेरीपट: या तीन गोष्टींनी मजुराच्या हाती दावा दिला. रोजगार हमीत गैरव्यवहार झाले, खोटी मस्टरे भरली गेली, मजुरी थकली, हे सारे खरे आहे. पण ते उघड झाले कशाने? मस्टर नावाची नोंद होती म्हणून, आणि काम हा हक्क असल्यामुळे मजुरांच्या संघटना तहसीलवर मोर्चा नेऊ शकत होत्या म्हणून. जिथे नोंदच नसते तिथे गैरव्यवहारही दिसत नाही. २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव पायाशी होता. नीती टेलपर्यंत जाऊ शकते, याचा हा आपल्याच मातीतला पुरावा आहे.

त्याच्या शेजारी आता उजनी ठेवून पाहू. १९६६ साली पायाभरणी झालेले हे धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). पण त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आणि सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावे या पाण्याखाली गेली आणि तिथल्या कुटुंबांना लाभक्षेत्रात नव्याने बस्तान बसवावे लागले. या धरणाने जिल्ह्याचा चेहरामोहरा पालटला, हे कोणी नाकारू नये. ज्वारीच्या एका पिकावर जगणाऱ्या शिवारात ऊस आला, केळी आली, दूध आले, घरे पक्की झाली, मुले शिकली. पण दर उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य जिल्ह्याच्या तोंडी असते, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागलेला असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास उतरले. जो साठा अडीनडीसाठी राखायचा तो वहिवाटीचा झाला. शिवाय वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि उजनीत साठते. त्याचा दोष ना माढ्याचा ना मोडनिंबचा. परिणाम मात्र त्यांच्या घशाखाली उतरतो.

हेड आणि टेल यांच्या हिशेबातली फारकत राज्याच्या पातळीवर एकदा फार ठळकपणे समोर आली. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून असे दिसले की आधीच्या दशकात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च होऊनही पिकांखालच्या क्षेत्रातले सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले. त्यावर गदारोळ झाला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाने श्वेतपत्रिका काढली. तिने निर्माण झालेल्या सिंचनक्षमतेत भरीव वाढ झाल्याचे मांडले. दोषारोपांची चर्चा पुष्कळ झाली. तिच्यात मला जायचे नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’ हा शब्दप्रयोग. धरण बांधले, कालवा खोदला की कागदावर क्षमता निर्माण होते. ती क्षमता वापरली जाते की नाही हे ठरते चारीची दुरुस्ती, पाळीचे वेळापत्रक, पाटकऱ्यांची संख्या आणि वरच्या शेतकऱ्याने किती पाणी ओढले यावर. पहिल्या भागाला उद्घाटन असते, कंत्राट असते, कोनशिला असते. दुसऱ्या भागाला यांतले काही नसते. म्हणून आपण क्षमता मोजत राहिलो आणि ओलीत मोजायचे राहिले. जलयुक्त शिवार योजनेचेही तेच झाले. सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले, गावोगाव कामे झाली. पण महालेखापरीक्षकांच्या २०२० सालच्या अहवालाने भूजल वाढवण्याच्या उद्दिष्टावर तिचा फारसा परिणाम दिसत नसल्याचा निष्कर्ष काढला. योजना दोन वेगळ्या राजवटींतल्या, खाती वेगळी, दोष मात्र एकच: काम पूर्ण झाले म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झाले, अशी समजूत.

उजनीचा विषय निघाला की बोट उसाकडे जाते. राज्यात पिकांखालच्या क्षेत्रापैकी साधारण ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा दोन-तृतीयांशाच्या आसपास वाटा घेतो, ही गोष्ट अनेक अभ्यासांतून मांडली गेली आहे, आणि सोलापूर हा तर राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा. तरीही ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. उसाला कायद्याने ठरलेला भाव आहे, ठरलेला गिऱ्हाईक आहे, कर्ज देणारी सोसायटी आहे आणि गारपिटीनेही तो आडवा झाला तरी हातचा जात नाही. डाळिंबाला तेल्या रोग एका हंगामात बसवतो; कांद्याचा भाव एका अधिसूचनेने कोसळतो. ज्वारी तर बहुतेकदा घरचे खाणे आणि कडबा एवढ्यासाठीच उरते, जरी मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी. शेतकरी शहाणपणानेच वागतो आहे. ज्या पिकाची जोखीम शासनाने उचलली, ते पीक त्याने उचलले. पाणी कमी पिणाऱ्या पिकांमागे तितकीच खात्री उभी केली नाही, तर पाणी वाचवण्याचे आवाहन हे गरिबाला त्याग शिकवण्यासारखे होईल. म्हणजे प्रश्न पुन्हा नीतीचाच आहे. हेडजवळच्याने किती घ्यावे याला मर्यादा नाही आणि टेलवाल्याला किमान किती मिळावे याची हमी नाही.

कायदे नव्हते म्हणून हे झाले, असे मात्र म्हणता येत नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये सविस्तर अहवाल दिला. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला; त्याच वर्षी शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, ज्यात पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची तरतूद आहे. तरीही २०२१ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यासाठी उजनीतून ५ टीएमसी पाणी देण्याचा निर्णय जाहीर झाला, सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि काही आठवड्यांत तो रद्द झाला, तेव्हा या साऱ्या कायद्यांचा आधार ना निर्णय घेताना ठळक दिसला ना मागे घेताना. इंदापूरच्या शेतकऱ्याचीही तहान खरी आहे. त्याच्या तालुक्यातली जमीन धरणात गेली आहे. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांनी तर कितीतरी निवडणुका पाण्याच्या आश्वासनावर पाहिल्या. अशा दोन न्याय्य मागण्या समोरासमोर येतात तेव्हा सुशासनाची खरी गरज लागते: आकडे सर्वांसमोर मांडणे, दोन्ही बाजू ऐकणे, कारणे लिहून निर्णय देणे. हे झाले नाही की निर्णय रेट्याने होतो आणि रेट्यानेच मोडतो. दोन तालुक्यांच्या मनात मात्र एकमेकांविषयीची अढी कायम राहते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की टेलच्या माणसाच्या हाती कारभार देण्याचे प्रयोग फार थोडे आहेत आणि ते एखाद्या असामान्य माणसामुळेच यशस्वी झाले. विलासराव साळुंखे होते म्हणून पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत झाली. पोपटराव पवार होते म्हणून हिवरे बाजार घडले. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे होते म्हणून नाशिकच्या वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. माणसे असामान्य होती हे खरेच. पण त्यांनी काय केले ते नीट पाहिले तर त्यात नियमच आढळतात, आणि नियम दुसरीकडे नेता येतात. पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणसाला जोडला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला मनाई. हिवरे बाजारने पावसाचे आणि विहिरींचे पाणी दरवर्षी मोजून, ग्रामसभेत ताळेबंद मांडून, त्यावर पिके ठरवण्याची रीत पाडली. वाघाडवर धरणातून मापाने पाणी घेऊन आधी टेलच्या संस्थांना देण्यावर भर दिला गेला. खानदेश-नाशिकच्या पांझरा, मोसम खोऱ्यांतली जुनी फड पद्धत याच तत्त्वावर शतकानुशतके चालली. नेपाळातल्या आणि इतर देशांतल्या शेतकऱ्यांनी चालवलेल्या अशाच व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वापरणाऱ्यांनीच बनवलेले, मोजता येणारे आणि मोडल्यास दंड असणारे नियम टिकतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. पाण्याबाहेरही हेच दिसते. माढा तालुक्यातल्याच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ती कल्पना आली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. एका शिक्षकाची कल्पना व्यवस्थेने उचलली की ती राज्यभर जाते. असामान्य माणूस वाट दाखवतो. त्या वाटेचा रस्ता करणे हे शासनाचे काम आहे, आणि तेच बहुधा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावाच्या हाती सत्ता दिली की ती गावातल्या दांडग्यांच्या हाती जाते, गावकी-भावकी आणि गटबाजी यांत दलित, भटके, भूमिहीन आणि स्त्रिया पुन्हा मागे लोटल्या जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणाला स्पष्ट विरोध केला तो याच अनुभवातून. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच टेलला सत्ता देणे म्हणजे सरपंचाला सत्ता देणे, असे मी म्हणत नाही. सरपंचाच्या हाती मोकळा निधी आणि ग्रामस्थांच्या हाती कोरा कागद असेल तर ते मुंबईतली मनमानी गावात आणणे झाले. ७३ व्या घटनादुरुस्तीने आरक्षण आणले, महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला, माहितीचा अधिकार आधी २००२ साली राज्यात आणि २००५ साली देशात आला. दांडगाईला उत्तर अशा तरतुदींतून मिळते. वरच्या पातळीवर दांडगाई नसते, असेही कोणी समजू नये. तिथे ती कंत्राटाच्या अटींत आणि कालव्याच्या आखणीत लपलेली असते, आणि टेलच्या माणसाला ती दिसतही नाही. गावातला अन्याय निदान डोळ्यांसमोर घडतो. त्याला नोंदीचा आणि वरच्या संस्थेकडे दाद मागण्याचा आधार दिला तर तो लढता येतो.

तिसरा आक्षेप गतीचा. विकसनशील देशाला वेळ कमी आहे. ग्रामसभा, सुनावण्या, लेखापरीक्षण यांत कामे रखडतात. चौपदरी महामार्ग ग्रामसभांनी बांधला नसता, असे म्हणतात. महामार्गाबाबत ते खरे आहे. रस्ता एकदा बांधला की वाहने आपोआप धावतात. पण पाणी, शाळा, दवाखाना, रेशन यांचे तसे नाही. ही कामे रोज करावी लागतात आणि रोज करायच्या कामावर रोज पाहणारा डोळा लागतो. गतीसाठी तो डोळा काढून घेतला तर बांधकाम लवकर होते आणि सेवा कायमची रखडते. केरळने १९९६ साली लोकयोजना मोहिमेत राज्याच्या नियोजन खर्चाचा एक-तृतीयांशाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला; त्यामुळे केरळचा विकास थांबला नाही. महाराष्ट्र या वाटेने त्याच्या कितीतरी आधी निघाला होता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्या कामाला लागल्या. नंतर मात्र आपण मागे वळलो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर सोलापूरसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी चालवल्या. इतका काळ विधानसभा बरखास्त राहिली असती तर देशभर आरडाओरड झाली असती. जिल्हा परिषदेबाबत ती झाली नाही, कारण तिच्याकडे अधिकार किती उरले आहेत हे लोकांना ठाऊक होते. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय लिहिलेले आहेत. त्यांच्यासोबत माणसे आणि मोकळा पैसा गावाकडे कितपत आला, हे कोणत्याही ग्रामपंचायत विकास आराखड्यातल्या बंधित निधीचे रकाने पाहिले की कळते.

शेवटचा आक्षेप आजच्या काळाचा: हे सारे आता संगणकाने सुटेल. सातबारा घरबसल्या निघतो, अनुदान थेट खात्यात येते, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घातली. हे बदल मोठे आहेत आणि त्यांनी सामान्य माणसाचे हेलपाटे खरोखर वाचवले आहेत. पण यांतली बहुतेक कामे अशी आहेत की ज्यांत एक माणूस आपल्या हक्काची एक वस्तू मागतो. चारीचे पाणी, शाळेतली शिकवणी, ओढ्याची वाळू, गावाचे भूजल या सामायिक गोष्टी आहेत. त्यांत एकाने जास्त घेतले की दुसऱ्याचे कमी होते. तिथे निर्णय लागतो, आणि पडदा निर्णयाची जबाबदारी घेत नाही. संगणकाचा खरा उपयोग तिथे नोंद उघडी करण्यात आहे. वितरिकेच्या तोंडाशी किती पाणी सुटले आणि टेलच्या चारीला किती दिवसांनी किती पोहोचले, हे आवर्तन संपण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर पाळीवरून होणाऱ्या निम्म्या भांडणांना तोंडच फुटणार नाही. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका ग्रामसभेपुढे वाचली गेली, तर बंधाऱ्याच्या कामात सिमेंट किती पडले हे सांगायला अभियंत्याची वाट पाहावी लागणार नाही. त्या कामावर राबलेले गवंडी आणि मजूर सभेतच बसलेले असतात.

यातून जी नीती निघते ती साधी आहे. योजनेचा शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर न देता सेवा पोहोचल्याच्या नोंदीवर द्यावा, आणि ती नोंद ठेवण्याचा अधिकार सेवा घेणाऱ्यांकडे असावा. नव्या कालव्याच्या आधी जुन्या चारीच्या दुरुस्तीला पैसा मिळावा. पाणीवापर संस्थेला पाणी मापून द्यावे, आणि मापून न दिल्यास पट्टी मागण्याचा हक्क खात्याने गमवावा. जिल्हा परिषदेची निवडणूक लांबवणे हे विधानसभेची निवडणूक लांबवण्याइतकेच अशक्य व्हावे. यांतल्या एकाही गोष्टीला नवे धरण लागत नाही की परदेशी कर्ज लागत नाही. लागते ते हेडला बसलेल्यांनी थोडा अधिकार सोडणे, आणि सर्वांत अवघड तेच आहे. कारण अनिश्चितता हेच अधिकाराचे भांडवल असते. पाणी कधी येणार हे वेळापत्रकावर लिहिलेले असले की ते आणून दिल्याचे श्रेय कोणालाच घेता येत नाही. टेलच्या माणसाची ओळख शोधण्याची सवय ही त्याची खोड नाही; वेळापत्रक नसलेल्या व्यवस्थेत त्याला सापडलेला तो एकच उपाय आहे.

पुढील पाने वाचताना वाचकाने विकासाच्या प्रत्येक मोठ्या शब्दाला, प्रत्येक टक्केवारीला आणि प्रत्येक योजनेच्या नावाला एकच प्रश्न विचारत राहावा: याची नोंद शेवटच्या टोकाला कोण ठेवतो? एकोणिसाव्या शतकात आष्टीच्या तलावावर माती वाहणाऱ्या माणसाकडे ना नोंद होती ना हक्क. १९७९ नंतरच्या रोजगार हमीच्या मजुराकडे निदान मस्टरवर नाव होते, आणि त्या नावाच्या बळावर तो तहसीलदारासमोर उभा राहू शकला. मोडनिंबच्या आसपासच्या शिवारात टेलला बसून आवर्तनाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला, पाण्याच्या बाबतीत, आज एवढेही मिळालेले नाही. ज्या दिवशी त्याच्या हाती पाळीचा लिखित कागद असेल आणि त्यावर तारीख, तास आणि घनमीटर लिहिलेले असतील, त्या दिवशी सुशासन त्याच्या बांधापर्यंत आले, असे म्हणता येईल.